पेशी, कोशिका आणि स्नायू

रावेर तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवते. बऱ्हाणपूर शेजारी, त्यामुळे मुलं हिंदी व्हिडिओ खूप बघतात. परवा एकानं विचारलं, "मॅडम, केळीच्या पानात पेशी असतात ना, मग झाडालापण स्नायू असतात का?" हिंदीत 'पेशी' म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला 'कोशिका'. बरं, 'सेल' म्हणावं तर वर्गाला बॅटरीतला सेल आठवतो. मराठीत हा शब्द असा कसा काय रुळला?

ताई, मुलानं फार चांगला प्रश्न विचारला. हिंदीनं जुना अर्थ जपलाय. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या ५०० पेशी सांगितल्यात, त्या आपले स्नायू. तिथले ९०० 'स्नायू' वेगळेच, बांधून धरणारे दोर! मराठीत स्नायू दोरावरून मांसावर सरकला, मग पेशी हा शब्द मोकळा झाला असावा. 'कोशिका' मात्र मूळ 'सेल'च्या जवळची. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हणजे छोट्या खोलीचं नाव दिलं. पण ते कप्पे रिकामे होते, मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. प्राण्यांच्या पेशीला तर भित्तिका नसतेच, फक्त पटल. म्हणून मला पेशीच आवडते, तिच्यात जिवंतपणा आहे. मुलांना 'स्नायुपेशी' हा शब्द द्या, दोन्ही अर्थ जागेवर बसतील.

आणि केळं दाखवाच. अर्धकच्च्या केळ्याचा कणभर गर पाण्यात कालवून काचपट्टीवर घ्या, वर आयोडीनचा थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली सुट्या पेशी आणि त्यांच्यात निळेकाळे पिष्टकण दिसतात. पिवळ्याधमक केळ्यात ते कण कमी असतात, कारण विकरांनी (एन्झाइमांनी) पिष्टाची साखर केलेली असते.

दादा, आज करून पाहिलं. तास संपला तरी पोरं सूक्ष्मदर्शक सोडेनात. स्नायूंचा घोळ मिटला, पण 'विकर' फळ्यावर लिहिल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "केळाले रोग व्हयना का?" त्यांनी 'विकार' वाचलं होतं!

पोरं फार लांब गेली नाहीत, ताई. दोन्ही शब्द 'वि' आणि 'कृ' यांतूनच आलेत. विकार म्हणजे मुळात बदल, रोग हा अर्थ त्यातूनच पुढे आला. जुन्या ग्रंथांत दही हा दुधाचा विकार म्हटलाय. जो बदलतो त्याचा विकार, जो बदल घडवतो तो विकर. काना फळ्यावर रंगीत खडूनं काढा.