२०१९ हायलँडरनं १७ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ओढता येईल का? (बे एरिया ते योसेमिटी, सोबत आई-बाबा)

फ्रिमाँटचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून येतायत आणि त्यांना योसेमिटी (नॅशनल पार्क) दाखवायचंय, पण आईला तंबू जमत नाही (गुडघे) आणि बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून बायकोच्या डोक्यात आलंय की छोटा ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घ्यायचा, म्हणजे बाथरूम पण आपलं आणि सकाळचा चहा पण आपला. आमच्याकडे २०१९ ची टोयोटा हायलँडर आहे, व्ही६, ऑल व्हील ड्राइव्ह, टो रेटिंग (ओढायची मर्यादा) ५००० पौंड. ट्रेलर बघितलाय तो १७ फुटी, मागे बंक बेड, जाहिरातीत ड्राय वेट (रिकाम्या ट्रेलरचं वजन) २९०० पौंड आणि जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावरचं कमाल वजन) ३८०० लिहिलंय. ५००० मध्ये ३८०० म्हणजे आरामात बसायला हवं ना? ऑफिसातला एक जण म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो पिकअप ट्रकशिवाय नादी लागू नकोस. आम्ही सहा जण: मी, बायको, दोन पोरं (१० आणि ६), आई, बाबा. आधी कधीच काही ओढलेलं नाही. लायसन्स वेगळं लागतं का?

सॅन_होजे_सातारकर
लायसन्स नेहमीचंच चालतं, एवढ्या ट्रेलरला क्लास सी पुरतं, ते सोडा. ५००० हा आकडा पण सोडा, तो सेल्समनचा आकडा आहे. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असेल, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका. तुमचा खरा आकडा तो. कारण ट्रेलरचं नाक तुमच्या हुकावर जितकं वजन टाकतं, म्हणजे टंग वेट, ते गाडीतल्या सामानातच धरायचं असतं. हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं.

आता टंग वेट किती हवं तर भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरलीय त्यांना हे समजावायची गरज नाही. भार पुढे जास्त झाला तर गाडी धुराजड, बैलांच्या मानेवर येते. मागे जास्त झाला तर उलाळ, जू वर उचलतं. ट्रेलरचं अगदी तेच आहे, फक्त इथे उलाळ गाडी ६० मैलांच्या स्पीडला शेपूट हलवायला लागते आणि मग ती ट्रेलरची शेपूट तुमची गाडी हलवते. थोडी धुराजड परवडली, उलाळ नको.

स्टिकरवरचा आकडा इथे टाका, मग हिशोब करू.

फ्रिमाँटचा_पाहुणा
बघून आलो. १२४५ पौंड. मी १८०, बायको १४० (हे तिला सांगू नका), पोरं ७० आणि ५०, बाबा १५०, आई १३०.

सॅन_होजे_सातारकर
म्हणजे माणसंच ७२० झाली. उरले ५२५. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (नाकाचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) घेतलात (घ्याच, पण त्याआधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतो का ते बघा) तर तो लोखंडी सांगाडा ६०-७० पौंडांचा. कूलर, बॅगा, आईंचे लाडवांचे डबे धरा १००. उरले साधारण ३६०. आणि ३८०० चा ट्रेलर १३ टक्क्यांनी ४९४ पौंड टाकणार. बसत नाही. गंमत बघा, इंजिन ओढेल, कुरकुर न करता ओढेल, पण मागचा ॲक्सल आणि टायर मर्यादेच्या पलीकडे जातील. आई-बाबा गाडीत नसतील तर हाच ट्रेलर बसतो, तरी हुकाची मर्यादा ५०० असेल तर काठावरच.

ट्रेलरवाली_वहिनी
ड्राय वेटवर अजिबात विश्वास ठेवू नका हो!! त्यात बॅटरी, गॅसचे सिलिंडर, एसी, ऑनिंग (बाहेर उघडणारं छत) यातलं काय धरलंय आणि काय नाही ते कंपनीच जाणे. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंड, ३० गॅलनची टाकी भरली की झाले अडीचशे. भांडी, गाद्या, पाण्याचे होज, खुर्च्या हे सगळं वर.

आमची गोष्ट सांगते कारण आमच्याकडे पण मिडसाइज एसयूव्हीच होती. पहिल्याच ट्रिपला आय-५ हायवेवरून एलएला निघालो, ट्रेलरची पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे होती ती काठोकाठ भरलेली, आणि मागच्या बंपरवर चार सायकली. बंपरवर सायकली लावायची आयडिया आमच्या ह्यांची. ग्रेपव्हाइनचा घाट चढलो छान, उतारावर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर असा डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, प्रत्येक वेळी जास्त. मी ओरडतेय ब्रेक मार ब्रेक मार. नशीब त्यांनी ऐकलं नाही. पाय गॅसवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरचं बटण हाताने दाबलं, त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, मग ट्रेलर मागून खेचला जाऊन सरळ झाला. खाली उतरल्यावर दहा मिनिटं दोघंही काही बोललो नाही. नंतर कळलं की आमचं टंग वेट ६ टक्केच होतं. सातारकर म्हणतात तसं, उलाळ.

तर ब्रेक कंट्रोलर हवाच, आणि असा लावा की हात सहज पोचेल. तुमच्या गाडीला बहुतेक ४ पिनचं वायरिंग असेल, म्हणजे नुसते दिवे. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला ७ पिन लागते, ते बसवून घ्यायला लागेल. ट्रेलर मालक म्हणाला की छोटाय, ब्रेक नाही जोडले तरी चालेल तर त्याचा ट्रेलर घेऊच नका.

डोंगरवाट
वजनाचं वर आलंच आहे, मी रस्त्याचं सांगतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना स्पीड लिमिट ताशी ५५ मैल आहे, बाकी ट्रॅफिक ७५ ने जात असलं तरी. सुरुवातीला लाज वाटते, मग मजा येते. मायलेज निम्म्यावर येणार, गॅलनला १०-१२ मैल धरून चला, कारण १७ फुटी असला तरी त्याचं पुढचं तोंड भिंतीसारखं असतं आणि हायवेवर वजनापेक्षा वाराच जास्त पेट्रोल पितो.

हायवे १२० नं गेलात तर मोकासिनच्या पुढे चढ आहे, तिथे जीपीएस तुम्हाला ओल्ड प्रीस्ट ग्रेडवर घालायला बघेल कारण तो अंतराने कमी. नाही म्हणा. भयानक उभा चढ आहे. न्यू प्रीस्ट ग्रेड वळणावळणाचा आणि लांब आहे पण चढ सौम्य. येताना उताराला खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर वास येईल आणि मग ब्रेक लागणार नाहीत.

आणि पार्कच्या आतल्या कुठल्याच कॅम्पग्राउंडला हुकअप नाहीत, म्हणजे वीज-पाण्याचं कनेक्शन नाही, एसी मायक्रोवेव्ह विसरा, जनरेटरला पण ठरावीक वेळा. आई-बाबांसाठी पार्कच्या बाहेरचं हुकअपवालं कॅम्पग्राउंड जास्त बरं. बऱ्याच ठिकाणी ट्रेलर मालक स्वतः आणून, लेव्हल करून, लावून देतो, वर थोडे पैसे घेतो. मी असतो तर पहिल्या वेळी तेच केलं असतं. ओढायची हौस नंतर फेडता येते.

ट्रेलरवाली_वहिनी
+१. आणि टायर बघा, नुसती नक्षी नाही. बाजूला DOT या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. भाड्याचे ट्रेलर उन्हात उभे असतात, नक्षी नवीकोरी आणि रबर आठ वर्षांचं असा प्रकार असतो.

फ्रिमाँटचा_पाहुणा
अपडेट देतोय, तुमच्यामुळे दोन शनिवार गेले :)

मालक भला माणूस निघाला, आधी वजन करून बघतो म्हटल्यावर स्वतःच सोबत आला. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल (गाड्यांचा वजनकाटा) असतो त्यावर गेलो, पंधरा-वीस डॉलरचं काम. गाडीत मी आणि बायको. नुसती गाडी ४८८०, पुढच्या चाकांवर २६६०, मागच्या २२२०. ट्रेलर जोडल्यावर, साध्या हिचवर, पुढे २४९५ मागे २७९५, आणि ट्रेलरच्या चाकांवर ३०१०. म्हणजे टंग वेट ४१० आणि ट्रेलर एकूण ३४२०, जाहिरातीत २९००, आणि पाण्याची टाकी रिकामी होती बरं का! टक्केवारी १२, ती छान आहे. पण पुढच्या चाकांवरचे १६५ पौंड गायब, आणि ते पार्किंगमधून बाहेर पडतानाच हाताला जाणवलं, स्टिअरिंग हलकं लागत होतं. वेट डिस्ट्रिब्युशन हिच कशाला म्हणतात ते आत्ता कळलं. (मॅन्युअल वाचलं, चालतो.)

सहा जण धरून ७२० अधिक ४१० अधिक हिच ६५, झाले ११९५. उरतात ५० पौंड, त्यात एक कूलर पण बसत नाही. तर आता असं ठरतंय की मी आणि पोरं ट्रेलर घेऊन, आणि बायको आई-बाबांना घेऊन कोरोलाने मागून. आणून द्यायचा पर्याय विचारला होता पण मालक इतक्या लांब येत नाही. १२० नं जाऊ, न्यू प्रीस्ट ग्रेडनंच. ७ पिनचं वायरिंग आणि कंट्रोलर पुढच्या गुरुवारी बसवून मिळतोय.

काल फोनवर बाबांना हे सगळं अर्धा तास समजावलं, टंग वेट काय, ॲक्सल काय. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे उलाळ होऊ द्यायची नाही, एवढंच ना? मग जड डबे पुढे ठेव."

सॅन_होजे_सातारकर
अगदी पुढे टोकाला नको, ॲक्सलच्या किंचित पुढे, आणि खाली, ट्रेलरच्या तळाशी. बाकी बाबा बरोबर आहेत. निघायच्या आधी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये रिव्हर्सची दोन तास प्रॅक्टिस करा, बायकोला आणि पोरांना घरी ठेवून.