निपाणीचं बिल आणि स्वतःच शिकणारं स्किल

एआय असिस्टंटनं लिहिलेल्या कोडची टेस्ट फेल झाली की त्यानंच स्किलच्या फाइलीत, म्हणजे त्याच्यासाठी लिहिलेल्या सूचनांच्या फाइलीत, नवा नियम लिहून ठेवावा, असं काही जण म्हणतात. ते पटतं. पण अर्धंच.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या बिलिंगचा कोड मी क्लॉड कोड या एआय असिस्टंटकडून लिहून घेतो. निपाणीच्या गिऱ्हाइकाला त्यानं सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीवरचा कर, लावला. आता निपाणी कोल्हापूरकरांना घरचंच वाटतं, पण ते कर्नाटकात. तिथं आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर, लागतो. टेस्ट फेल, लॉग (काय चुकलं त्याची नोंद) परत त्याच्याकडं, आणि पठ्ठ्यानं स्किलमध्ये लिहिलं काय? 'निपाणी असेल तर आयजीएसटी लावा.' टेस्ट पास! पुढच्या आठवड्यात बेळगावचं बिल आलं आणि परत तेच रडगाणं. खरा नियम जीएसटीतल्या राज्याच्या कोड नंबरचा होता: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९; नंबर वेगळे तर आयजीएसटी.

तेव्हापासून वीसेक जुनी बिलं मी त्याला दाखवतच नाही. नवा नियम आधी त्यांच्यावर चालवायचा. तिथं टिकला तरच स्किलमध्ये, तोही गिटमधला डिफ, म्हणजे फाइलीत नेमकं काय बदललं ते, मी स्वतः वाचून. टेस्टच्या फोल्डरला त्याला हात लावू देत नाही, कारण एकदा त्यानं कोड सोडून टेस्टमधला अपेक्षित आकडाच बदलला होता. लई हुशार!

आणखी एक. नियम नुसते वाढू देऊ नका भावांनो. स्किलचं वर्णन आधी वाचलं जातं, बाकी मजकूर गरज पडली की येतो. पण आला की सगळा काँटेक्स्टमध्ये, म्हणजे असिस्टंट त्या वेळी जे वाचत असतो त्यात, जागा अडवून बसतो. मी दर महिन्याला एकेक नियम काढून टेस्ट चालवतो. काही फरक पडला नाही तर तो नियम गेला.