गोतावळा ग्रुप: फोर्टीनाइनर्सनी अकरा पोरं उचलली

२७ एप्रिल २०२५, रविवार

निनाद (सांता क्लारा): संपला एकदाचा ड्राफ्ट. गुरुवारपासून ग्रीन बेमध्ये चालू होता. अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या फोर्टीनाइनर्स संघाने अकरा नवे खेळाडू घेतले, त्यातले पहिले पाचच्या पाच डिफेन्सचे. मी खूश आहे. म्हणजे निम्मा.

बापूकाका (कोल्हापूर): फुटबॉल म्हणून मेसेज उघडला तर पुन्हा तेच, बॉल काखेत मारून पळणं. निन्या, शाहू स्टेडियमवर लहानाचा मोठा झालास तू. लाज वाटत नाही?

ओंकार (मुंबई): दादा, ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचं ऑक्शनच ना?

निनाद: नाही रे. इथे बोलीच लागत नाही. कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं, बत्तीस संघ, सात फेऱ्या. आदल्या सीझनला जो तळाला, तो सगळ्यात आधी निवडणार. आणि ज्या नंबरवर निवडला गेलास त्या नंबरचा पगार २०११ च्या करारापासून जवळपास ठरलेला. घासाघीस नाही. चार वर्षं त्याच भावात खेळायचं.

बापूकाका: आणि पोराला त्या गावात जायचंच नसलं तर?

निनाद: जायचंच, काका.

बापूकाका: मग ही बदली झाली की! सरकारी नोकरी बरी.

सई (डेन्व्हर): निनाददादा, निम्मा खूश का, ते मी सांगू? कारण तुमचे डिफेन्सवाले ग्रीनलॉ आणि हुफांगा दोघंही आता आमच्या डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे आलेत 😁

निनाद: सईबाई, जखमेवर मीठ चोळायला अगदी वेळेवर आलीस. हो, दोघंही ब्रॉन्कोजनी पळवले. चार्व्हेरियस वॉर्ड इंडियानापोलिसला गेला. आरन बँक्स ग्रीन बेला. हारग्रेव्ह, फ्लॉइड, मलिक कॉलिन्स यांना सोडूनच दिलं. आमचा स्टार डीबो सॅम्युएल वॉशिंग्टनला दिला आणि बदल्यात मिळालं काय, तर पाचव्या फेरीतली एक निवड. डीबो! पाचवी फेरी!

आत्या (नाशिक): एवढी माणसं एकदम का सोडून चालली? मालक वाईट आहे का?

निनाद: मालक ठीक आहे, आत्या. हिशेब वाईट आहे.

बाबा (पुणे): हिशेब म्हटलास म्हणून वाचायला घेतलं. नीट सांग.

निनाद: बाबा, प्रत्येक संघाने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च करायचा त्याला कमाल मर्यादा आहे. यंदा २७.९२ कोटी डॉलर. गर्भश्रीमंत मालकालासुद्धा तेवढीच. आता गंमत अशी की करार करताना खेळाडूला बोनस आज रोख द्यायचा, पण मर्यादेच्या हिशेबात तो पाच वर्षांपर्यंत विभागून दाखवता येतो.

बाबा: म्हणजे पैसे आज गेले, खर्च पुढच्या वर्षांच्या खात्यावर. आणि माणूस मधेच गेला तर?

निनाद: तर उरलेला सगळा हिस्सा एकदम अंगावर येतो. डीबो आता वॉशिंग्टनसाठी खेळणार, पण यंदाच्या आमच्या मर्यादेतले तीन कोटी डॉलरहून जास्त त्याच्याच नावावर अडकलेत.

आत्या: थोडक्यात उचल घेऊन दिवाळी केली आणि आता पगाराच्या दिवशी हातात काही नाही.

बाबा: तिने एका ओळीत बॅलन्सशीट लिहिली. आमच्या शाखेत असले कर्जदार पुष्कळ होते. दिवाळी जोरात व्हायची त्यांची.

निनाद: दिवाळी खरंच जोरात झाली, बाबा. फेब्रुवारी २०२४ ला लास व्हेगासला सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल होती, जादा वेळेपर्यंत गेली, कॅन्सस सिटीकडून २५-२२ ने हरलो. त्याच सामन्यात ग्रीनलॉ बाजूला उभा होता, मैदानात पळत जायला निघाला आणि तिथेच त्याची टाच गेली. कोणी हातसुद्धा लावला नव्हता. माझ्या मते या टीमचं खालचं वळण त्या पावलापासून सुरू झालं. पुढच्या सीझनला ६ जिंकल्या, ११ हरलो. मॅककॅफ्री चारच सामने खेळला, आयुकचा गुडघा गेला. म्हणून तर यंदा ११ व्या नंबरची निवड मिळाली.

ओंकार: ११ वर कोण घेतला?

निनाद: मायकेल विल्यम्स, जॉर्जिया विद्यापीठ. स्पेलिंग वेगळंच करतो, उच्चार मायकेलच. वीस वर्षांचा आहे, साडेसहा फुटांच्या आसपास. काम एकच, टोकाकडून वळसा घालून क्वार्टरबॅकवर, म्हणजे समोरच्यांच्या बॉल फेकणाऱ्यावर, तुटून पडायचं. गेल्या सीझनला दुखऱ्या घोट्यावर खेळला, त्यामुळे आकडे फार भारी नाहीत. पण दुसऱ्या टोकाला निक बोसा आहे, समोरच्यांची दोन-दोन माणसं त्याच्यावर खर्च होतात. ह्या पोराला मोकळं रान मिळेल.
मग दुसऱ्या फेरीत अल्फ्रेड कॉलिन्स, टेक्सासचा, दीडशे किलोचा माणूस. मधली फळी गेल्या वर्षी इतकी भुसभुशीत होती की कोणीही यावं आणि मधून पळून जावं. तिसऱ्यात निक मार्टिन (ग्रीनलॉच्या जागी बसवायचा विचार दिसतोय) आणि अप्टन स्टाउट, हा बुटका पण तिखट. चौथ्यात सी. जे. वेस्ट, पुन्हा मधल्या फळीसाठी. रॉबर्ट सालेह डिफेन्स सांभाळायला परत आलाय, त्याच्या आवडीची सगळी माणसं.

सई: आणि डीबोच्या बदल्यात मिळालेल्या निवडीवर?

निनाद: १४७ वा नंबर. जॉर्डन जेम्स, ओरेगॉनचा, रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. डीबोशी तुलना करू नकोस, मला त्रास होतो.

बापूकाका: एक सांग. ह्या क्लबांची स्वतःची अकादमी नसते? आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो लहानपणापासून घडवला म्हणून. इथं आयती पोरं?

निनाद: घडवायचं काम विद्यापीठं करतात, काका. आणि कसली विद्यापीठं! लाख-लाख माणसं बसतात एकेका कॉलेजच्या स्टेडियममध्ये. क्लबने फक्त हेरायचं.

बापूकाका: म्हणजे खर्च मास्तरांचा, पेढे मालकाचे.

सई: 😂😂 काका जिंकले.

बाबा: निवड चुकली तर? पगार ठरलेला म्हणजे धोका कमी, एवढंच ना?

निनाद: पहिल्या फेरीत चुकली तर चांगलीच महागात पडते. जॉन लिंच आणि काइल शॅनहॅन, म्हणजे मॅनेजर आणि कोच, दोघं २०१७ पासून आहेत. त्यांची गंमतच आहे. पहिल्याच वर्षी तिसऱ्या नंबरवर सॉलोमन थॉमस घेतला, नाव काढावं असं काही झालं नाही. त्याच वर्षी पाचव्या फेरीत जॉर्ज किटल मिळाला, आज जगातल्या सर्वोत्तम टाइट एंडपैकी (अडवायचं आणि पासही झेलायचा, अशी जागा) एक. फ्रेड वॉर्नर तिसऱ्या फेरीतला. ग्रीनलॉ आणि हुफांगा, दोघंही पाचव्या. वर जातात तेव्हा पाय घसरतो, खाली वाकतात तेव्हा सोनं सापडतं. (बोसा अपवाद, तो दुसऱ्या नंबरवर होता, तिथे आंधळ्यानेही त्यालाच घेतलं असतं.)

ओंकार: आणि तो ट्रे लान्स?

निनाद: ओंक्या 😐

सई: मी सांगते. २०२१ ला बाराव्या नंबरवरून तिसऱ्यावर जायला यांनी मायामीला तो बारावा नंबर दिला, वर २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेऱ्या दिल्या, वर आणखी एक तिसरी फेरी. त्यातून घेतला क्वार्टरबॅक ट्रे लान्स. तो यांच्यासाठी सुरुवातीपासून किती सामने खेळला? चार. मग डॅलसला चौथ्या फेरीतल्या एका निवडीवर दिला. आणि त्यातली २०२३ ची निवड मायामीकडून आमच्याकडे आली, तीच न्यू ऑर्लिन्सला देऊन आम्ही शॉन पेटनला कोच म्हणून आणलं. थँक्यू दादा.

बाबा: एवढं सगळं बुडवून हे सुपर बोलपर्यंत पोचले कसे?

निनाद: तेच तर! क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये एकूण २६२ जण निवडले, हा २६२ वा. शेवटच्या माणसाला इथे ‘मिस्टर इरेलेव्हंट’ म्हणतात, १९७६ पासून त्याचा थट्टेचा सत्कार होतो, हातातून बॉल सुटलेल्या खेळाडूची ट्रॉफी देतात. लान्सचा घोटा मोडला, मग त्याच्या जागी आलेल्या गारोपोलोचा पाय मोडला, आणि ४ डिसेंबर २०२२ ला मायामीविरुद्ध ह्याला नाइलाजाने आत पाठवला. तेव्हापासून जागा त्याची. २०२३ ला पासचे ४,२८० यार्ड, क्लबचा विक्रम.
बाबा, आता तुमचा भाग. त्याचा चार वर्षांचा अख्खा करार सदतीस लाख डॉलरचा. इतर संघ याच जागेवरच्या माणसाला वर्षाला पाच-साडेपाच कोटी देतात.

बाबा: अच्छा. म्हणजे क्वार्टरबॅकवर वाचलेल्या पैशांत बाकीचे तारे पोसले.

निनाद: बरोब्बर. आणि तीन वर्षं झाल्याशिवाय पगार वाढवता येत नाही असा नियम, म्हणून तेवढी वर्षं लॉटरी. ती आता संपली.

बाबा: मग यंदाची अकरा पोरं ही हौस नाही. ते स्वस्त मजूर आहेत. एकाचा पगार फुगणार म्हणून.

निनाद: हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

आत्या: त्या क्लबात आपलं कोणी आहे का रे? मागे काहीतरी वाचलं होतं, मराठे म्हणून.

निनाद: आहेत की! पराग मराठे. २००१ पासून क्लबात. खेळाडूंचे करार आणि पगाराच्या मर्यादेचं गणित वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. सल्लागार कंपनीत असताना ड्राफ्टमधल्या कुठल्या नंबराची किती किंमत धरावी ह्याचा अभ्यास करायला आले आणि इथेच राहिले. अमेरिकेच्या क्रिकेट बोर्डाचे अध्यक्षही होते काही वर्षं.

आत्या: कोकणातले की देशावरचे?

निनाद: आत्या, पुढचा प्रश्न गोत्राचा असेल, म्हणून इथेच थांबतो.

निनाद: काका, तुमच्यासाठी खास. हेच मराठे लीड्स युनायटेडचे चेअरमन आहेत. फोर्टीनाइनर्सच्या मालकांनी २०२३ ला लीड्स पूर्ण विकत घेतला. गेल्या सोमवारी स्टोकला ६-० मारलं आणि प्रीमियर लीगमध्ये परत गेले.

बापूकाका: लीड्स?? हे तू शेवटी सांगतोस? तासभर त्या काखेतल्या बॉलचं पुराण ऐकवलंस आणि खरा फुटबॉल पिशवीच्या तळाला! नाद खुळा. मराठ्यांना कोल्हापूरचा नमस्कार कळव.

मृण्मयी (सांता क्लारा): काका, कळवेल तो, आमच्या घरापासून स्टेडियम दहा मिनिटांवर आहे 😄 फक्त मॅचच्या रविवारी तीच दहा मिनिटं पाऊण तास होतात. टास्मन ड्राइव्ह बंद, दूध आणायचं तर शनिवारी आणा. हा टीमवर खूश असो नसो, मी ऑगस्टपासून चिडलेली असते.

१७ मे २०२५, शनिवार

निनाद: झाला पर्डीचा करार! पाच वर्षं, २६.५ कोटी डॉलर.

ओंकार: वर्षाला ५.३ कोटी!! शेवटून पहिला आलेला पोरगा 🔥

आत्या: आईबापांचं नशीब.

सई: वर किटललाही चार वर्षं दिली ना, ७.६४ कोटींची? मग आता काय उरलं?

निनाद: म्हणून ती अकरा पोरं, सई. ऑगस्टअखेर नव्वदमधून त्रेपन्न जणांची यादी करायची असते. डिफेन्समध्ये बोसा, वॉर्नर, लेनॉर हे खांब. बाकी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं. गेल्या वर्षीचे रेनार्डो ग्रीन आणि मुस्तफा चांगले निघालेत. माझा अंदाज, सुरुवातीला मार खातील, नोव्हेंबरपासून त्रास देतील. आणि यंदा प्लेऑफ. नक्की.

बाबा: मी यादी वाचली सगळी. एक शंका आहे. ज्या माणसाला एवढे पैसे दिले, त्याला वाचवणारी फळी कुठे आहे? त्याच्या डाव्या बाजूचा ट्रेंट विल्यम्स जुलैत सदतीस पूर्ण करेल. अकरा जणांत त्या कामाचा एकच दिसतो, तोही सातव्या फेरीत, २४९ वर.

निनाद: कॉनर कॉल्बी, आयोवाचा. तोही मधल्या जागेचा, टोकाचा नाही. बाबा, मी ‘निम्मा खूश’ म्हणालो होतो ना, ते ह्याच्यासाठीच. शॅनहॅनचा भरवसा आपल्या पद्धतीवर, की साधी माणसंही चालवून घेऊ. गेल्या वर्षी त्याच फळीतला, तिसऱ्या फेरीत घेतलेला पुनी सतराही सामने खेळला, त्यामुळे तो भरवसा वाढलाय.

बाबा: पुनी मिळाला हे मान्य. पण दर वर्षी पुनी मिळेल असं धरून बजेट करत नाहीत. बंगला घेतला तर विम्याचा हप्ता आधी बाजूला काढतात. मी पहिल्या तीन फेऱ्यांतली एक तरी निवड तिथे लावली असती. तो बुटका घ्यायच्या ऐवजी.

सई: बाबाकाका, तुम्ही लिंचच्या खुर्चीत बसा.

बापूकाका: दादा बँकेतसुद्धा असाच होता. कर्ज मागायला गेलेला माणूस बचत खातं उघडून परत यायचा.

निनाद: 😂 बाबा, सातव्या फेरीत कर्टिस रूर्क म्हणून एक कॅनेडियन क्वार्टरबॅक घेतलाय, इंडियानाचा. अख्खा सीझन गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं असताना खेळला. विमा म्हणून चालेल?

बाबा: स्वतःच लंगडणारा विमा नको.

सई: दादा, ऑगस्टमध्ये ब्रॉन्कोज तुमच्याकडे सराव सामन्याला येतायत. मी तिकीट काढतेय. तुमच्याकडे उतरू ना?

मृण्मयी: ये गं. फक्त शुक्रवारीच ये, आणि दूध घेऊन ये.