मदत हवी आहे: प्रेग्नन्सी किटवर अर्ध्या तासानं पुसट रेघ दिसली, धरायची का?

मी जुळे सोलापूरची. पाळी कधी २८ दिवसांनी येते, कधी ३४. आज ३१वा दिवस. २६व्या दिवशी धीर धरवेना म्हणून किट वापरलं, एकच रेघ आली. आज पहाटे दुसरं लावलं. तीन थेंब टाकून पाच मिनिटं बघत बसले, 'सी'पाशी (किट नीट चाललं याची रेघ) एकच. तसंच बाथरूमच्या खिडकीत ठेवून डब्याला लागले. अर्ध्या तासानं बघते तर 'टी'पाशी (दिवस गेल्याची रेघ येते तिथं) पुसट राखाडी रेघ!

गल्लीतल्या मेडिकलवाल्याची सासऱ्यांशी रोजची बैठक, म्हणून किटसाठी नव्या पेठेपर्यंत जाते. तिथला म्हणाला, "२५चं आहे, १०चंपण मिळतं." मोठा आकडा तो भारी असं समजून २५चं आणलं. चुकलं का? शिवाय रात्री उकाड्यानं दोन तांबे पाणी प्यायलेय. सासूबाईंना आताच कळलं तर डोहाळजेवणाची साडी ठरवून मोकळ्या होतील, म्हणून इथं विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, ती रेघ धरू नका. पाकिटावर दिलेली वेळ उलटून गेली की लघवी वाळून राखाडी ओरखडा उमटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यातून खिडकीत, वाळायला कितीसा वेळ लागतो! खरी रेघ फिकी असली तरी 'सी'च्याच रंगाची असते आणि वेळेत येते.

आकड्याचं मात्र उलटं आहे. लघवीत मिलिलिटरमागे २५ मिली-युनिट एचसीजी (दिवस गेल्यावर तयार होणारं हार्मोन) असेल तेव्हा तुमचं किट ओळखतं; १०चं त्याहून कमी असतानाच. पण १०चं आणलं असतं तरी २६व्या दिवशी बहुधा काही कळलं नसतं. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागल्याशिवाय हे हार्मोन लघवीत दिसण्याइतकं होत नाही, आणि रुजणं अंडं सुटल्यावर ६ ते १२ दिवसांनी, बहुतेकींचं ८ ते १० दिवसांनी. यंदा पाळी ३४ची असेल तर अंडं सुटलं असणार २०व्या दिवसाच्या आसपास. म्हणजे २६वा हा सहावाच दिवस! पुढे एचसीजी दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, त्यामुळे १० आणि २५मध्ये फरक पडतो तो फार तर तीन-चार दिवसांचा.

पाण्यानं लघवी पातळ होते, तेव्हा ३५व्या दिवशी सकाळची पहिली घ्या. तोवर धीर निघत नसेल तर रक्ताची बीटा एचसीजी तपासणी करा. ५च्या खाली नाही, २५च्या वर हो, मधलं आलं तर ४८ तासांनी पुन्हा. अंडं फुटायचं इंजेक्शन घेतलंय का? त्यात बहुधा एचसीजीच असतं, दहा-चौदा दिवस खोटी रेघ येऊ शकते. आणि पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, रक्त जाणं असं काही झालं तर किटची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.

धागाकर्ती

इंजेक्शन नाही घेतलं. ३५व्या दिवशी लावते. या वेळी नव्या पेठेला नवऱ्यालाच पिटाळते, मला एकटीलाच का धाकधूक?