एलव्हीजीएल ८.३: कार्डवरून घेतलेल्या फोटोत लाल गोळी निळी दिसते

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी. आजीसाठी औषधांची वेळ सांगणारी एक पेटी करतोय. पडद्यावरचं सगळं एलव्हीजीएल या तयार ग्राफिक्स लायब्ररीतून. आजी ८१ वर्षांची. बारीक अक्षर तिला लागत नाही आणि मोबाइलला ती हात लावत नाही. औषधांची नावं तिला कधीच ठाऊक नव्हती. "सकाळची हिरवी, जेवल्यावर लाल, झोपताना अर्धी पांढरी," एवढाच तिचा हिशेब. म्हणून वेळ झाली की बझर वाजावा आणि पडद्यावर त्याच गोळीचा फोटो यावा, इतकंच करायचंय.

सामान महाराणी रोडवरून आणलेलं: साधं ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) बोर्ड आणि ३२० बाय २४० चा आयएलआय९३४१ चिपचा डिस्प्ले, मागे मेमरी कार्डाची जागा असलेला.

आधी पीएनजी करून पाहिलं. डिकोडर चालू आहे, फाईल जेमतेम १८ केबीची, तरी फोटोच्या जागी 'नो डेटा'. मग एलव्हीजीएलच्या कन्व्हर्टरमधून सी अ‍ॅरे (फोटोचे पिक्सेल, कोडमधल्या आकड्यांची यादी करून) काढून प्रोग्राममध्येच घातला. सुरेख दिसला. पण डॉक्टर मधूनमधून औषध बदलतात, दवा बाजारात कधी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळतं आणि गोळीचा रंगच वेगळा निघतो. दर वेळी प्रोग्राम चढवायला मी घरी नसतो. फोटो कार्डवर असले तर मी फाईल पाठवीन आणि आई ती कार्डात टाकेल.

म्हणून त्याच फोटोची बिन फाईल (न दाबलेल्या, कच्च्या पिक्सेलची) करून कार्डवर टाकली. आकार बरोबर आला, पण लाल कॅप्सूल निळी आणि हिरवी गोळी लाल! पांढरी मात्र पांढरीच. बटणांचे, पट्ट्यांचे रंगही ठीक. काल आजीला दाखवलं तर सकाळच्या गोळीच्या वेळेला तिने सरळ लाल पाकीट उचललं. माझ्या पोटात धस्स झालं. रंग बरोबर आल्याशिवाय ही पेटी मी तिच्या हातात देणार नाही. कुठे चुकतंय?

दांडियाबाजार, वडोदरा

पीएनजीचं आधी सांगतो. १८ केबी हे कार्डवरचं दाबलेलं माप. डिकोडर तो अख्खा फोटो रॅममध्ये उलगडतो, आणि तोही पिक्सेलमागे ४ बाइट धरून. ३२० गुणिले २४० गुणिले ४ म्हणजे ३,०७,२०० बाइट, ३०० केबी. एलव्हीजीएलच्या स्वतःच्या वाट्याची मेमरी कॉन्फिग फाईलमध्ये मुळात ४८ केबी असते. ती वाढवून वाढवून किती वाढवाल? ईएसपी३२ मध्ये एकूण रॅम ५२० केबी, त्यातही एवढा सलग तुकडा मिळत नाही. 'नो डेटा' तिथूनच येतोय.

बिन फाईलचं तसं नाही. ती एकेक ओळ वाचत काढली जाते, त्यामुळे रॅम जवळजवळ लागत नाही. बिनवरच राहा. रंगांचं कुणीतरी जाणकार सांगेल.

लष्कर, ग्वाल्हेर

पांढरी पांढरीच राहते, यातच उत्तर आहे बाळा. तुझे रंग १६ बिटांचे (आरजीबी५६५: लाल ५, हिरवा ६, निळा ५ बिट), म्हणजे दोन बाइट. ते उलटसुलट झालेत. हाताने हेक्समध्ये मांडून बघ: शुद्ध लाल एफ८००, बाइट फिरवले की ००एफ८, तो निळा. शुद्ध हिरवा ०७ई०, फिरवला की ई००७, तो लाल. पांढरा एफएफएफएफ, कसाही फिरवा तोच. काळ्याचंही तेच.

बटणं ठीक आहेत, म्हणजे तुझ्या कॉन्फिगमध्ये १६ बिटांचं स्वॅप (दोन बाइटांची अदलाबदल) चालू आहे आणि या डिस्प्लेला ते हवंच. त्याला हात लावू नकोस. सी अ‍ॅरेच्या फाईलमध्ये दोन्ही प्रकार लिहिलेले असतात, कंपाइल होताना योग्य तो उचलला जातो. बिनमध्ये एकच असतो. कन्व्हर्टरमध्ये बिनचा प्रकार निवडताना साधा आरजीबी५६५ नाही, त्याच्या खालचा स्वॅपवाला घे.

आणि फोटो आधीच मापात काप. कार्डावरच्या फाईलवर झूम चालत नाही.

रामबागकर, इंदूर

काका, तेच होतं! स्वॅपवाला प्रकार निवडून फाईल पुन्हा केली, प्रोग्रामला हातही लावला नाही. हिरवी हिरवी, लाल लाल. फोटो २४० बाय १६० चे केले, एक फाईल साधारण ७५ केबीची होते. फोटो पडद्यावर वरून खाली उतरताना दिसतो, पण आजीला त्याची घाई नाही.

तरी लाल थोडी मातकट वाटते. बहुतेक मी रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढले म्हणून.

दांडियाबाजार, वडोदरा

हो, दिवसा खिडकीशी पांढऱ्या कागदावर ठेवून पुन्हा काढा. अर्ध्या गोळीचा फोटो अर्धीचाच हवा, तुटलेली कड दिसेल असा.

एक गोष्ट मात्र नक्की करा. फोटो लावण्याआधी प्रोग्रामने फाईल उघडते का ते तपासायला हवं. कार्ड हललं, फाईलचं नाव चुकलं, तर पडद्यावर मागच्या वेळचा फोटो तसाच राहू देऊ नका. तो आधी लपवा, बझर वेगळा वाजवा, आईंना कळेल असा.

रामबागकर, इंदूर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल मुद्दाम कार्ड काढून पाहिलं, खरंच सकाळची हिरवी दुपारपर्यंत तशीच दिसत होती. आता फाईल उघडली नाही तर पडदा पूर्ण काळा होतो आणि बझर तीनदा वाजतो.

फोटो आज सकाळी ओट्याशेजारच्या खिडकीत नव्याने काढले. आजीने लाल पाकीट पडद्याला टेकवून धरलं, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि म्हणाली, "हीच. हिच्यावर मधे रेघ आहे बघ." रेघ फोटोत आली होती, मला दिसली नव्हती. पेटी आजपासून तिच्या पलंगाशी ठेवली आहे. पहिला आठवडा आई सोबत बसून गोळी ताडून बघणार आहे.