ओढ्याला घाण नेमकी कुठनं येतीय ते कसं शोधायचं?

ओढाकाठ_मोहोळ:
आमच्या गावचा ओढा पुढं सीना नदीला मिळतो. ह्या वर्षी पाण्यावर हिरवं शेवाळ धरलंय, गुरं तोंड लावून माघारी फिरतात, आणि ओढ्याकाठच्या विहिरीत ग्रामपंचायतीच्या किटनं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर दाखवलं. कोण म्हणतं उसाच्या युरियाचं, कोण म्हणतं गावच्या गटारीचं, कोण वरच्या गोठ्यांचं, ग्रामसभेत नुसती भांडणं चाललीत. पुराव्यानिशी कळायला काय करावं?

पाणीवाला_सोलापूर:
मालक, आधी ओढा वरनं खालपर्यंत चालत जावा. जिथं गटार नाहीतर चारी मिळते तिथं मिळायच्या आधी एक आणि पाणी नीट मिसळल्यावर खाली एक असे नमुने घ्या, सगळे एकाच दिवशी. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) स्वस्त मिळतो, आकडा कुठं एकदम चढतो ते दिसतं, मग तिथलंच नायट्रेट तपासा. पण नुसत्या आकड्यावर कुणाला धरू नका, धार किती ती बादली लावून मोजा. चारीत लिटरला १०० मिलिग्रॅम असलं आणि सेकंदाला अर्धाच लिटर पाणी येत असलं तर सेकंदाला ५० मिलिग्रॅम झालं, गटारीत २० च असलं पण १० लिटर येत असलं तर २००. लोक हितंच फसतात.

बार्शीकर:
उन्हाळ्यात धार बारीक झाल्यावर घाण वाढत असंल तर बहुतेक रोज वाहणारं गटार, पहिल्या मोठ्या पावसात एकदम वाढली तर शेतं नि उकिरडे. दोन्ही वेळेला नमुने घ्या की.

रसायन_मास्तर:
नायट्रेटसोबत क्लोराइडपण तपासा. सांडपाण्यात आणि गोठ्याच्या पाण्यात दोन्ही वाढतात, नुसत्या युरियानं क्लोराइड वाढत नाही, मात्र पोटॅश टाकत असतील तर त्यातनंही क्लोराइड येतं, म्हणून खतं कुठली टाकतात ते विचारून घ्या. ई. कोलाय (आतड्यातला, विष्ठेतनं पाण्यात येणारा जंतू) सापडला तरी तो माणसाचा का जनावराचा हे साध्या तपासणीत कळत नाही, त्याला बॅक्टेरॉइड्स नावाच्या आतड्यातल्या जंतूंची डीएनए टेस्ट लागते. नायट्रोजनच्या आयसोटोपवरनं (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरनं) रासायनिक खत आणि मैला-शेण बऱ्यापैकी वेगळं काढता येतं, पण माणूस का गुरं ते त्यातनं कळत नाही.
आणि त्या विहिरीचं पाणी तान्ह्या लेकरांना अजिबात देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं.

ओढाकाठ_मोहोळ:
विहिरीचं आजच घरोघर सांगतो. रविवारी चौघं-पाचजण मिळून वरनं खाली जातो, गोठेवाल्यांनाही सोबत घेतो म्हणजे नंतर कुणी आकड्यावर शंका काढायला नको. बाटल्या लॅबला द्यायच्या तर किती वेळात पोचवायच्या?

रसायन_मास्तर:
बर्फात ठेवून त्याच दिवशी. जंतूंच्या तपासणीची बाटली लॅबमधनं निर्जंतुक केलेलीच आणा, बिसलेरीची चालत नाही.