मदत हवी आहे: स्पेन्सच्या 'सर्च फॉर मॉडर्न चायना'ची सुरुवातीची प्रकरणं गाळली तर चालेल का?

निशिगंध
नमस्कार मंडळी. जोनाथन स्पेन्सचं 'द सर्च फॉर मॉडर्न चायना' घेऊन बसलेय आणि डोकं भणभणायला लागलंय. मला हवंय अफूचं युद्ध (१८३९ चं, इंग्रज विरुद्ध चीन), आणि पुस्तक सुरू होतं मिंग राजवटीच्या अखेरीपासून, म्हणजे १६०० पासून! मांचूंची स्वारी (मिंगनंतर सत्ता त्यांचीच), त्यांचा कांग्शी बादशहा, करवसुली, आणि इंग्रजांशी युद्ध एकदम सातव्या प्रकरणात. पहिली सहा प्रकरणं सोडू का? जाणकारांनी लवकर सांगा, वेळ अजिबात नाही.

पानगळ
कशासाठी वाचताय? यूपीएससी, नेट की एम.ए.? पेपर कधी आहे? आवृत्ती कोणती? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

दर्यावर्दी
बिनधास्त सोडा. खरं तर स्पेन्सच सोडा आणि इमॅन्युएल श्यूंचं 'द राइज ऑफ मॉडर्न चायना' घ्या. आमच्या बॅचने त्यावरच पेपर काढला. अफूचं युद्ध संपवणारा १८४२ चा नानकिंगचा तह घ्या: हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, २ कोटी १० लाख डॉलर भरपाई. सगळं मुद्देसूद मिळतं. स्पेन्स गोष्ट छान सांगतो, पण त्यातून नोट्स काढताना जीव जातो.

मृण्मयी_द
@दर्यावर्दी, श्यूसुद्धा १६०० पासूनच सुरुवात करतात की! मग निशिगंधचा प्रश्न सुटला कुठे?
निशिगंध, ती प्रकरणं गाळू नका. १८३९ पासून वाचलं की चीन तोवर झोपला होता आणि गोऱ्यांच्या तोफांनी जागा झाला असंच वाटतं. इतिहासकार पॉल कोहेननी १९८४ मध्ये याच दृष्टीवर टीका केली. अठराव्या शतकात लोकसंख्या दुपटीच्या आसपास वाढली, जमीन त्या प्रमाणात वाढली नाही. हशेनसारख्या दरबाऱ्याने खजिना पोखरला आणि १७९६ मध्ये श्वेतकमळ पंथाचं बंड पेटलं. तेव्हा एकही इंग्रजी तोफ धडाडली नव्हती.

दर्यावर्दी
बंडं प्रत्येक राजवटीत झाली हो. पण चांदी देशाबाहेर वाहायला लागली ती अफूमुळे आणि बंदरं उघडली ती तोफांमुळेच. आधीच्या लोकसंख्येने नानकिंगचा तह झाला नाही.

मृण्मयी_द
तह तोफांनी झाला, मान्य. पण १८५० मध्ये तायपिंग बंड उठलं आणि १८६४ पर्यंत सुमारे दोन कोटी माणसं मेली. ते एकट्या अफूवर कसं समजावणार?

भायखळा_लोकल
आपल्या मुंबईचा भाग कुणी काढलाच नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनच्या कँटन बंदराकडे जायची. सर जमशेटजी जीजीभाईंची बरीच संपत्ती चीनच्या या व्यापारातली. जे. जे. रुग्णालयाच्या नावातले 'जे. जे.' तेच.

सिद्धेश्वर_पेठ
चीनवर धागा आणि डॉ. कोटणीसांचं नाव नाही? आमच्या सोलापूरचा माणूस! १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे, सगळ्यांनी जरूर बघा.

पानगळ
दादा, कोटणीसांबद्दल आदरच आहे, पण धागाकर्तीचा पेपर आहे.

निशिगंध
एम.ए. भाग दोन, बहिःस्थ. पेपर पुढच्या आठवड्यात. अभ्यासक्रम १८३९ ते १९४९, आणि सरांनी हमखास म्हणून दिलेला प्रश्न: '१८३९ हे आधुनिक चीनचे आरंभवर्ष मानणे कितपत योग्य?' पुस्तक लायब्ररीचं आहे, आवृत्तीचं पानच फाटलंय. शेवट १९८९ च्या तिआनमेन चौकातल्या निदर्शनांवर होतो.

पानगळ
मग १९९० ची पहिली आवृत्ती. अहो, हा प्रश्न असेल तर त्याचं अर्धं उत्तर त्या सहा प्रकरणांतच आहे! राजवाड्यातल्या भानगडी चाळा, लोकसंख्या, कर आणि अठराव्या शतकातला परदेशी व्यापार नीट वाचा. इंग्रज दूत मॅकार्टनी व्यापार वाढवून मागायला चीनला गेला, ती १७९३ ची शिष्टाई सहाव्यात आहे, ती सोडू नका. मग सातवं पूर्ण: बादशहाचा अधिकारी लिन झशूने कँटनजवळ हुमेनला वीस हजारांवर पेट्या अफू कशी नष्ट केली ते तपशिलात आहे. उत्तरात दोन्ही बाजू मांडा.

दर्यावर्दी
तहाची कलमं मात्र श्यूंमधूनच घ्या. माझं मत बदललेलं नाही.

निशिगंध
बरं. तायपिंगवर दहा मार्कांची टीप असते, त्यासाठी किती पुढे जाऊ?

मृण्मयी_द
आठवं प्रकरण. सातव्याला लागूनच आहे, एका बैठकीत होईल.